चेहरा सोडा, हात पाहा

मे २००३. लास व्हेगासमधल्या बिनियन्स हॉर्सशू या जुन्या कॅसिनोत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा शेवटाला आली होती. ८३९ खेळाडूंतून दोघे उरले होते. एक सॅमी फर्हा : बैरूतमध्ये जन्मलेला, अमेरिकेत मुरलेला व्यावसायिक, न पेटवलेली सिगरेट ओठात धरून खेळण्याबद्दल प्रसिद्ध. दुसरा ख्रिस मनीमेकर : टेनेसीचा २७ वर्षांचा अकाउंटंट, आणि हो, आडनाव खरोखरच तेच. इंटरनेटवरची ८६ डॉलरची पात्रता स्पर्धा जिंकून तो या १०,००० डॉलर प्रवेशशुल्काच्या स्पर्धेत आला होता. टेबलाभोवती माणसांसमोर बसून खेळायची ही त्याची पहिलीच स्पर्धा.

ज्यांनी पोकर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्याची. मग टेबलावर पाच पानं टप्प्याटप्प्याने उघडी पडतात, ती सगळ्यांची. या सातांतली सर्वोत्तम पाच धरून ज्याचा डाव मोठा, तो जिंकला. पण प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे असतात आणि समोरच्याने घाबरून पानं टाकली, म्हणजे ‘फोल्ड’ केलं, तर आपली पानं दाखवायची वेळच येत नाही. म्हणून हातात काही नसताना मोठी रक्कम पुढे सरकवता येते. तोच ब्लफ. साध्या मराठीत, हूल.

त्या डावात टेबलावर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, इस्पिकची अठ्ठी आणि शेवटी बदामाची तिर्री पडली. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती होती. आणखी एक इस्पिक पडलं असतं तर त्याचा फ्लश, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांचा डाव, झाला असता. पंजा किंवा दश्शी पडली असती तर पाच सलग पानांची ओळ लागली असती. दोन्ही हुकलं. त्याच्या पदरात साधी जोडीसुद्धा नव्हती. फर्हाकडे नव्व्यांची जोडी होती, म्हणजे डाव त्याचाच होता. मनीमेकरने सगळ्या चिप्स पुढे केल्या. ऑल-इन.

फर्हा विचारात पडला. तुझा फ्लश हुकलेला दिसतोय, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. म्हणजे समोरच्याचं दुखणं त्याने बरोबर ओळखलं होतं, नुसतं ओळखलं नव्हतं तर बोलूनही दाखवलं होतं. मनीमेकर गॉगलमागे गप्प. न हलणं, न बोलणं. शेवटी फर्हाने पानं टाकली. समालोचक नॉर्मन चॅड याने शतक नुकतंच सुरू झालंय याची जाणीव ठेवूनही या डावाला शतकातला ब्लफ म्हणून टाकलं. थोड्याच वेळात मनीमेकर २५ लाख डॉलर घेऊन उठला.

टीव्हीवर तो सामना पाहणाऱ्या लाखोंना मात्र मनीमेकरकडे काही नाही हे आधीपासून दिसत होतं. याचं श्रेय हेन्री ओरेनस्टाईन या पोलंडमध्ये जन्मलेल्या, नाझी छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत खेळण्यांच्या धंद्यात नाव कमावलेल्या माणसाचं. खेळाडूची झाकलेली पानं छुप्या कॅमेऱ्यातून प्रेक्षकांना दाखवायच्या यंत्रणेचं पेटंट त्याला १९९५ साली मिळालं. १९९९ मध्ये ब्रिटनच्या ‘लेट नाइट पोकर’ या कार्यक्रमात टेबलाच्या कडेला काचा बसवून खालून पानं टिपली गेली, आणि तोवर टीव्हीवर कंटाळवाणा वाटणारा हा खेळ एकदम बघण्याजोगा झाला. मनीमेकर जिंकला आणि पुढच्या वर्षी खेळाडू झाले २,५७६. २००६ साली ८,७७३.

पण या कॅमेऱ्याने एक खोड लावली. पानं माहीत असलेल्या माणसाला समोरच्याच्या प्रत्येक हालचालीत अर्थ दिसू लागतो. मनीमेकरची चित्रफीत आज पाहिली तर ‘बघा, बघा, किती ताठ बसलाय, हूलच आहे’ असं कुणीही सांगेल. त्याच्याकडे फ्लश असता तर तोच ताठपणा आत्मविश्वास ठरला असता. फर्हाला ही सोय नव्हती. समोरचा माणूस त्याला अनोळखी होता, आणि शरीराची भाषा वाचण्यात सगळ्यात मोठी अडचण तीच असते.

खेळाडू या शारीरिक खुणांना ‘टेल’ म्हणतात. त्यांचं पहिलं पद्धतशीर पुस्तक माइक कॅरो या अमेरिकन खेळाडूने १९८४ मध्ये काढलं. कॅरो स्वतःला पोकरचा वेडा बुद्धिमान म्हणवून घेणारा, तऱ्हेवाईक माणूस. पण पुस्तक चोख. फोटो छापून, त्यातल्या प्रत्येक हावभावाचा अर्थ सांगून त्याने एक गोष्ट ठसवली : पोकरच्या टेबलावर बहुतेक लोक नाटक करतात आणि नाटक उलटं करतात. पानं भारी असली की उसासा टाकतील, खांदे पाडतील, ‘बघू या, टाकतो पैसे’ अशा आविर्भावात चिप्स सरकवतील. पानं भिकार असली की चिप्स जोरात आपटतील, रोखून बघतील. बळ दाखवतोय तो दुबळा, दुबळेपण दाखवतोय तो बळकट.

नवशिक्यांवर हा नियम आजही चालतो. पण ज्याने कॅरो वाचलाय त्याच्यावर चालेल का? तो उलट्याचं उलटं करील. म्हणून मुरलेले खेळाडू नाटकातल्या खुणांपेक्षा नकळत झालेल्या खुणा शोधतात. कॅरोनेच नोंदवलेल्या यातल्या दोन मला फार पटतात, कारण दोन्हींमागचं कारण सांगता येतं.

पहिली चिप्सकडे जाणाऱ्या नजरेची. टेबलावर नवं पान पडलं, ते एखाद्याला हवं तेच निघालं, तर त्याची नजर निमिषभर स्वतःच्या चिप्सवर जाते आणि लगेच दूर कुठेतरी, जणू काही झालंच नाही. पैसे लावायचा विचार डोक्यात आला आणि डोळ्यांनी तो आधीच अमलात आणला. ही खूण पकडायची तर पान उघडताना पानाकडे बघायचं नाही. पान कुठे पळून जात नाही, नंतर पाहता येतं. बघायचं समोरच्याकडे. हे ऐकायला सोपं आहे. करून बघा, मान आपोआप पानाकडे वळते.

दुसरी खूण याहून बारीक. समजा टेबलावर तीन बदाम पडले. एका खेळाडूने आपली झाकलेली दोन पानं अंगठ्याने किंचित उचलून पुन्हा पाहिली. याचा अर्थ काय? त्याच्याकडे दोन्ही पानं बदामाची असती तर ते त्याच्या पक्कं लक्षात असतं. एकरंगी जोडगोळी कुणी विसरत नाही. पण त्याच्याकडे बदामाचा एक्का आणि किलवरची राणी असेल, तर त्याला ‘एक्का-राणी’ एवढंच आठवतं. बदाम कोणतं? एक्का की राणी? म्हणून तो डोकावतो. म्हणजे त्याचा फ्लश अजून झालेला नाही. फार तर एक बदाम आहे, आणखी एकाची वाट आहे. मानसशास्त्राची पदवी लागत नाही, माणसाची स्मरणशक्ती कशी चालते एवढं ठाऊक असलं की पुरे.

या दोन्हींत चेहऱ्याचा संबंध नाही, हे लक्षात आलं असेल. चित्रपटांनी मात्र सगळा भर चेहऱ्यावर आणि लकबींवर दिला. ‘राउंडर्स’मध्ये (१९९८) जॉन मॅल्कोविचने रंगवलेला टेडी केजीबी क्रीमचं बिस्किट कानाशी नेऊन उघडतो, आणि मॅट डेमनचा नायक त्यावरून त्याची पानं ओळखतो. प्रसंग झकास आहे. पण नायक ती खूण सापडल्याचं टेडीला दाखवून देतो, हे कुठल्याही कसलेल्या खेळाडूच्या पचनी पडणार नाही. सोन्याची खाण सापडल्यावर कुणी पाटी लावत नाही. ‘कॅसिनो रोयाल’ (२००६) या बाँडपटात खलनायकाची डोळ्याजवळ बोटं नेण्याची सवय बाँड हेरतो, तिच्यावर विसंबतो आणि तोंडघशी पडतो. दोन्हींत मला दुसरा जास्त खरा वाटतो.

चेहऱ्यावर विसंबण्यात धोका काय, हे संशोधनानेही दाखवलं आहे. २००६ मध्ये चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी खोटं ओळखण्याबद्दलचे दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. खरं आणि खोटं वेगळं करण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली. नाणं उडवलं असतं तर ५० टक्के. त्याच सुमाराला बाँड यांच्यासोबतच्या संशोधकांनी ७५ देशांतल्या लोकांना विचारलं, खोटारडा कसा ओळखता? सर्वांत जास्त मिळालेलं उत्तर : तो नजर चुकवतो. प्रत्यक्षात नजर चुकवण्याचा आणि खोटेपणाचा संबंध प्रयोगांत जवळजवळ सापडत नाही. जगभरची आईबापं ‘माझ्या डोळ्यांत बघून सांग’ म्हणतात आणि जगभरची पोरं डोळ्यांत बघून थाप मारायला शिकतात.

पोकरवरचा सर्वांत मजेदार प्रयोग २०१३ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. मायकेल स्लेपियन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा तो होता, आणि त्या गटात नलिनी अंबाडी होत्या. मूळच्या भारतीय असलेल्या अंबाडींचं सगळं काम एका प्रश्नाभोवती फिरलं : काही सेकंदांच्या तुकड्यावरून माणूस दुसऱ्या माणसाबद्दल किती अचूक अंदाज बांधतो? त्याच वर्षी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. या प्रयोगासाठी २००९ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या प्रक्षेपणातले क्षण निवडले, व्यावसायिक खेळाडू चिप्स पुढे सरकवतानाचे. हे तुकडे कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दाखवले. त्यातल्या बहुतेकांना पोकरचं फारसं ज्ञान नव्हतं. काहींना खेळाडू कमरेपासून वर पूर्ण दिसला, काहींना फक्त चेहरा, काहींना फक्त हात. पानं किती चांगली असतील याचा अंदाज करायचा.

पूर्ण खेळाडू पाहणाऱ्यांचे अंदाज नाणं उडवल्याइतकेच ठरले. फक्त चेहरा पाहणारे त्याहून वाईट, म्हणजे चेहऱ्याने त्यांना चक्क फसवलं. आणि फक्त हात पाहणाऱ्यांचे अंदाज योगायोगापेक्षा सरस निघाले. पुढच्या टप्प्यात हाताच्या हालचालीत सफाई किती आहे हे विचारलं, तेव्हा पानं चांगली असताना हात अधिक सहज, न अडखळता सरकत असल्याचं दिसलं.

कारण उघड आहे. व्यावसायिक खेळाडू चेहऱ्याची वर्षानुवर्षे मशागत करतो; हाताकडे त्याचं लक्ष जात नाही. क्रिकेटमध्ये गुगली ओळखायला फलंदाज गोलंदाजाचं तोंड बघत बसत नाही, मनगट बघतो. तोंडावर तो काय वाटेल ते आणील; मनगटाला मात्र चेंडू वळवायचाच असतो. अर्थात या प्रयोगावरून कुणी उद्या टेबलावर बसून नशीब काढू नये. परिणाम लहान होता, आणि टीव्हीवर दाखवले जाणारे डाव मुळात निवडून घेतलेले असतात. तरी दिशा बरोबर आहे.

हात थरथरण्याचं काय? नवख्याला वाटतं, थरथरतोय म्हणजे घाबरलाय, घाबरलाय म्हणजे हूल. अनुभवी खेळाडूंचं मत नेमकं उलट. एकाएकी सुरू झालेली थरथर बहुधा फार भारी पानांची असते. मोठा डाव लागल्यावर ॲड्रिनलिन उसळतं, आणि आता हरायची चिंता नाही म्हणून शरीर ते दाबून ठेवत नाही. हूल देणारा उलट स्वतःला आवळून धरतो. एकही हालचाल संशयाला जागा देईल या भीतीने तो आक्रसतो, श्वास उथळ होतो, गप्पा थांबतात, चघळत असलेलं च्युइंगम तोंडात तसंच राहतं. ज्याची पानं भक्कम तो पैसे लावल्यावर मोकळा होतो : खुर्चीत मागे रेलतो, वेटरला पाणी सांगतो, शेजाऱ्याच्या विनोदावर डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतील असं हसतो. खोटं हसू ओठांवर येतं, डोळ्यांपर्यंत पोचायला त्याला कष्ट पडतात.

व्यावसायिक खेळाडू राहिलेल्या झॅकरी एलवुड या लेखकाने २०१२ च्या आपल्या पुस्तकात यात एक महत्त्वाची भर घातली. हालचाल कधी झाली हे आधी पाहा, असं तो सांगतो. स्वतःची पाळी यायच्या आधी वाट बघणारा खेळाडू आणि पैसे लावून झालेला खेळाडू, दोघांच्या एकाच कृतीचे अर्थ वेगळे. तुम्ही पैसे लावायला निघालात आणि समोरच्याने तुमच्याकडे रोखून पाहत चिप्सवर हात ठेवला, तर त्याला बहुधा तुम्ही पैसे लावू नयेत असं वाटतंय; पानं बेताची आहेत. भारी पानं असलेला तुम्हाला बिचकवेल कशाला? तो मुकाट नजर वळवून बसेल. पण तेच रोखून बघणं मोठी रक्कम लावल्यावरचं असेल, तर ते निर्धास्त माणसाचंही असू शकतं.

बोलण्याचं शास्त्र तर याहून निसरडं. २००६ चा विजेता जेमी गोल्ड टेबलावर अखंड बडबडायचा. कधी आपल्याकडे काय आहे ते सरळ सांगायचा, कधी सूचक बोलायचा, आणि खरं बोलूनसुद्धा लोकांना फसवायचा. १ कोटी २० लाख डॉलर घेऊन गेला. अशा माणसाचे शब्द वाचायच्या फंदात पडूच नये, तो हूल देतो तेव्हा आवाजाची लय बदलते का एवढंच ऐकावं.

आणि सगळी मेख या बदलात आहे. जो नेहमीच पाय हलवतो त्याचा पाय हलणं ही खूण नाही. त्याचा पाय थांबला तर आहे. म्हणून मुरलेला खेळाडू पहिला तासभर किरकोळ डावांत लोकांची सवय टिपतो : हा पानं कशी उचलतो, चिप्स किती वेळा मोजतो, एरवी किती बोलतो. विशेषतः जे डाव शेवटी उघडे पडतात ते सोडत नाही, कारण तिथे वागणं आणि पानं यांचा ताळा मिळतो. स्वतः डावात नसताना मोबाइल बघत बसणारा खेळाडू ही शिकवणी बुडवतो, आणि असे खेळाडू हल्ली प्रत्येक टेबलावर चार तरी दिसतात.

एवढा खटाटोप करून मिळतं काय, त्याचा हिशेब करून पाहू. टेबलावर १०० रुपये आहेत, समोरच्याने आणखी १०० लावले. तुम्हाला बघायचं तर १०० टाकावे लागतील. जिंकलात तर त्याचे आणि टेबलावरचे मिळून २०० मिळतील. तो तीन वेळांतून एकदा हूल देत असेल तर तुम्ही ना नफा ना तोटा. १९४४ च्या ‘गेम थिअरी’वरच्या प्रसिद्ध ग्रंथात जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी पोकरचं सोपं गणिती प्रारूप मांडून दाखवलं होतं, की हूल हा गुन्हाही नाही आणि लहरही नाही, कधीच हूल न देणाऱ्याच्या चांगल्या पानांवर कुणी पैसे लावत नाही, म्हणून ठरावीक प्रमाणात ती द्यावीच लागते. आता समजा त्याचा श्वास अडकलेला तुम्ही पाहिलात आणि हूल असण्याची शक्यता ३३ वरून ४० टक्क्यांवर नेली. तुमची सरासरी कमाई शून्यावरून २० रुपयांवर गेली. खुणेची किंमत ही एवढी. जो निर्णय आधीच स्पष्ट आहे तिथे ती खिशातच ठेवायची. तराजू समतोल असतानाच काढायची.

खुणा अजिबात न वाचता हा खेळ किती उंचीवर नेता येतो, हेही आता ठाऊक झालंय. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणक-प्रणालीने चार अव्वल व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं. तिला डोळे नव्हते. अर्थात समोरच्यांनाही वाचायला चेहरा नव्हता. पडद्यावरच्या पोकरमध्ये माणूस उरतो तो किती पैसे लावले आणि किती वेळ घेतला एवढ्या दोनच गोष्टींत. झटकन ‘कॉल’ करणारा, म्हणजे समोरच्याने लावले तेवढेच पैसे टाकणारा, बहुधा मध्यम पानांचा असतो. भारी किंवा भिकार पानं असती तर पुढे काय करावं याचा विचार करायला त्याने थोडा तरी वेळ घेतला असता.

आपल्याकडची एक पिढी पोकर शिकली ती अशीच, पडद्यावर. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा या पिढीतल्या पुष्कळांना उरली मांडवी. पणजीसमोर नांगरलेल्या कॅसिनो बोटींवर पोकरची टेबलं आहेत. एकोणिसाव्या शतकात मिसिसिपीच्या आगबोटींवर हा खेळ फोफावला होता, तेव्हा बोट त्याला परकी नाही. पडद्यामागे हजारो डाव खेळलेला मुलगा इथे बसतो तेव्हा गणितात तो शेजारच्या पन्नाशीतल्या व्यापाऱ्याला सहज भारी पडतो. फक्त आजवर त्याचे हात कुणी पाहिलेले नसतात. खेळाडू यावर तोडगा काढतात तो साचेबंदपणाचा : प्रत्येक वेळी तेवढेच सेकंद थांबायचं, चिप्स त्याच पद्धतीने कापून त्याच वेगाने ठेवायच्या, मग नजर टेबलावरच्या एका ठरलेल्या बिंदूवर. हूल असो वा एक्क्यांची जोडी, कृती तीच. २००४ चा विजेता ग्रेग रेमर सरड्याच्या डोळ्यांची चित्रं असलेला गॉगल घालून बसायचा. त्याने समोरचे बिचकत असतील, पण गॉगल हातांना झाकत नाही.

खुणेपासून खरंखुरं सुटायची युक्ती मात्र पोकरकडे नाही. ती आपल्या तीन पत्तीत आहे. दिवाळीत सतरंजीवर बसून ‘ब्लाइंड’ खेळणारा मामा आपली पानं उचलतच नाही. पानं पाहिलेल्याला त्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते, आणि तो मात्र निवांत चकली खात पैसे टाकत राहतो. त्याच्याकडे कितीही टक लावून पाहा, काही सापडणार नाही. त्याच्या हातांना सांगण्यासारखं काही माहीतच नसतं. तो पानं उचलतो, एकदा बघतो आणि पुन्हा खाली ठेवतो, तेव्हापासून बघायला सुरुवात करायची.